आयकॉन्व्ह चालवण्याआधी फाइलच्या पोटात काय आहे ते पाहा

एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या विलेपार्ल्यातल्या छोट्या वाचनालयाच्या बंद पडलेल्या संगणकातून ३४० टेक्स्ट फाइली निघाल्या. त्यात सभासदांची यादी, पुस्तकांची सूची आणि सभांची इतिवृत्तं आहेत, साधारण १९९९ ते २०११ या काळातली. कार्यवाहांच्या भाच्याने लिनक्सवर आयकॉन्व्हची, म्हणजे मजकुराचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांच्या आकड्यांत साठवण्याची पद्धत) बदलणाऱ्या प्रोग्रॅमची, एक कमांड सगळ्यांवर फिरवली. काही फाइली नीट झाल्या, काहींवर ‘इनपुट चुकीचं आहे, जागा ११८७’ अशा अर्थाची तक्रार आली, काहींत काहीच बदललं नाही, आणि अकरा फाइली शून्य बाइटच्या झाल्या. आता त्यांना सगळ्याला लागू पडेल अशी एक कमांड हवी आहे.

अशी कमांड नाही. मी १९९८ साली गिरगावात एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागलो, आणि गेली अठरा-वीस वर्षं माझं अर्धं पोट जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरक्रमांकांच्या मानकात, आणण्यावर भरतं. आयकॉन्व्ह हे उत्तम हत्यार आहे, पण ते एकाच प्रकारच्या दुखण्यावर चालतं. तुमच्या फोल्डरमध्ये मला निदान चार दुखणी दिसतात.

आधी अकरा फाइलींबद्दल, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. कमांडच्या शेवटी > हे चिन्ह देऊन त्यापुढे त्याच फाइलचं नाव दिलं गेलं असणार. शेल, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेली कमांड चालवणारा प्रोग्रॅम, ती कमांड सुरू करण्याच्या आधीच > च्या पुढची फाइल रिकामी करतं. आयकॉन्व्ह वाचायला येतं तेव्हा वाचायला काही उरलेलंच नसतं. यात आयकॉन्व्हचा दोष नाही. जुनी हार्ड डिस्क अजून हाताशी असेल तर त्या अकरा फाइली तिथून पुन्हा काढा. मग मूळ फोल्डरची प्रत करा, मूळ फोल्डरवरची लिहिण्याची परवानगी काढून टाका, आणि यापुढे निकाल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. शहाण्या माणसाला हे एकदाच सांगावं लागतं असं म्हणतात. मला स्वतःला तीन वेळा लागलं.

कमांड मी इथे फोनवर सांगतो तशाच देवनागरीत सांगतोय. टर्मिनलवर त्या अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या. पर्यायाच्या आधीची आडवी रेघ म्हणजे डॅश.

निदान दोन कमांडींनी होतं. पहिली म्हणजे ‘फाइल’ याच नावाची कमांड, डॅश आय देऊन. मॅकवर हा आय कॅपिटल लागतो. ती फाइलचे बाइट चाळून अंदाज सांगते: यूटीएफ-८ किंवा यूटीएफ-१६ (युनिकोड बाइटांत साठवण्याच्या दोन पद्धती), शुद्ध आस्की (नुसती रोमन अक्षरं, आकडे आणि खुणा), किंवा ‘अनोळखी आठ बिट’. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरला. फाइलच्या आत ‘मी अमुक एन्कोडिंगमध्ये आहे’ असं कुठेही लिहिलेलं नसतं, त्यामुळे ‘आयएसओ ८८५९-१’ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग, ‘लॅटिन-१’ म्हणतात ते हेच) असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘बाकी कशात बसलं नाही’ एवढाच घ्या. दुसरी कमांड एक्सएक्सडी. ती बाइट जसेच्या तसे सोळाच्या पायाच्या आकड्यांत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) दाखवते. डॅश एल ६४ दिलं की पहिले चौसष्ट बाइट दिसतात. माझा भरवसा या दुसरीवर आहे.

तिच्यात काय शोधायचं ते सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ एवढा, म्हणजे १२८ जागांचा. यूटीएफ-८मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं, आणि पहिले दोन बाइट नेहमी ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. ‘म’ म्हणजे ‘ई० ए४ एई’. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. तर पडद्यावर दर तीन बाइटांनी ‘ई० ए४’, ‘ई० ए५’ असा ठेका दिसला की फाइल आधीच यूटीएफ-८ आहे. तिला हात लावू नका.

फाइलीची सुरुवात ‘एफएफ एफई’ने झाली आणि पुढे प्रत्येक दुसरा बाइट ‘०९’ दिसला, तर ती यूटीएफ-१६. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘युनिकोड’ हा पर्याय निवडला की हीच मिळायची; एक्सेलचं ‘युनिकोड टेक्स्ट’ही हेच. इथे आयकॉन्व्ह खरोखर एका ओळीत काम करतं: आयकॉन्व्ह, डॅश एफ यूटीएफ-१६, डॅश टी यूटीएफ-८, मग जुन्या फाइलचं नाव, मग > आणि दुसऱ्या फोल्डरमधलं नवं नाव. एक बारकावा आहे. डॅश एफला नुसतं ‘यूटीएफ-१६’ द्या, शेवटी ‘एलई’ जोडू नका. ‘यूटीएफ-१६एलई’ दिलं की सुरुवातीचे ते दोन खुणेचे बाइट मजकुराचाच भाग समजले जातात आणि नव्या फाइलीच्या तोंडाशी एक अदृश्य चिन्ह चिकटतं. मग यादीतल्या पहिल्याच सभासदाचं नाव शोधून सापडत नाही आणि अर्धा दिवस जातो.

सलग ‘३एफ ३एफ ३एफ’ दिसलं तर ती प्रश्नचिन्हं आहेत. कुणीतरी देवनागरी मजकूर नोटपॅडमध्ये ‘आन्सी’ (विंडोजचं युनिकोडच्या आधीचं एन्कोडिंग) म्हणून सेव्ह केला, विंडोजने ‘ही अक्षरं लिहिता येणार नाहीत’ अशी सूचना दिली, आणि त्या माणसाने ओके दाबलं. अक्षरं तिथेच गेली. ‘ईएफ बीएफ बीडी’ हे तिहेरी बाइट, म्हणजे चौकोनातलं किंवा काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह, यांचंही तेच. अशा फाइलीची दुसरी प्रत शोधा किंवा छापील कागद शोधा.

आता ११८७ची गोष्ट. तो आकडा अक्षरांचा नाही, बाइटांचा आहे. एक्सएक्सडीला डॅश एस ११७० आणि डॅश एल ६४ द्या, म्हणजे भांडणाची जागा आजूबाजूच्या वस्तीसकट दिसेल. बहुतेक वेळा तिथे एका फाइलीत दोन एन्कोडिंगं चिकटवलेली सापडतात. वरची यादी एका संगणकावर झालेली, खालची भर दुसऱ्यावर. मग फाइल तिथे तोडायची, दोन्ही तुकडे वेगवेगळे बदलायचे आणि जोडायचे.

लोक या तक्रारीवर दोन उपाय करतात आणि दोन्ही वाईट आहेत. एक म्हणजे डॅश एफला ‘लॅटिन-१’ देणं. त्या एन्कोडिंगमध्ये सगळ्या २५६ बाइटांना काही ना काही अर्थ आहे, त्यामुळे आयकॉन्व्ह कधीच कुरकुर करत नाही. पण कुरकुर केली नाही म्हणजे निकाल बरोबर आला असं नाही. दुसरा उपाय डॅश सी, म्हणजे ‘जे जमत नाही ते गाळून टाक’. त्याने मला एकदा चांगलाच धडा दिला.

मुंबईतल्या एका संस्थेची पत्त्यांची यादी होती. कुणीतरी आधीच यूटीएफ-८ असलेली फाइल विंडोज-१२५२ (लॅटिन-१चं विंडोजमधलं भावंड) समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ केली होती. याला दुहेरी एन्कोडिंग म्हणू. ओळखण्याची खूण अशी: पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतो, त्याच्या मागे चार पायांचा गोळा किंवा येनचं चिन्ह, आणि एक्सएक्सडीत ‘सी३ ए० सी२ ए४’ हा ठेका. उपाय तर्काने सोपा. उलट जायचं: डॅश एफ यूटीएफ-८, डॅश टी विंडोज-१२५२, की आतली खरी यूटीएफ-८ बाहेर येते. मी तसं केलं, तक्रार आली, घाईत डॅश सी दिलं, मग निघालेल्या फाइलीवर आणखी एकदा डॅश सी देऊन ती ‘साफ’ केली. सगळं गुळगुळीत पार पडलं.

नंतर यादी वाचली. दादर, परळ, घाटकोपर, ठाणे ठणठणीत. पण कुर्ल्याचं ‘करला’ झालेलं, मुलुंडचं ‘मलंड’, विक्रोळीचं ‘विकरोळी’, प्रभादेवीचं ‘परभादेवी’. ऐरोलीची ‘रोली’. झवेरी बाजाराचा ‘वेरी बाजार’. आणि सगळे कुलकर्णी ‘कलकरणी’.

कारण शोधल्यावर गंमत वाटली, तेव्हा मात्र घाम फुटला होता. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइट मोकळे सोडले आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीतल्या कोणत्या चिन्हांचा तिसरा बाइट यांपैकी एक आहे ते पाहा. ८१ वर चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार. ८एफ वर ‘ए’. ९० वर ‘ऐ’, आणि ॐदेखील. ९डी वर ‘झ’. आणि ८डी वर पाय मोडण्याचं चिन्ह. म्हणजे मराठीतलं एकूण एक जोडाक्षर या पाच मोकळ्या घरांपैकी एकावर उभं आहे. दादर आणि परळ वाचले ते त्यांच्यात ना जोडाक्षर ना उकार म्हणून. कुणी ‘फक्त पाच बाइटांचा प्रश्न आहे’ म्हटलं, तर त्याला कुर्ला लिहून दाखवा.

बरा उपाय आहे. बरीच सॉफ्टवेअरं ही पाच घरं मोकळी असली तरी बाइट फेकून देत नाहीत, त्याच क्रमांकाचं अदृश्य नियंत्रण-चिन्ह म्हणून पुढे ढकलतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं ‘लॅटिन-१’ नेमकं असंच वागतं. म्हणजे तुमच्या बिघडलेल्या फाइलीत माहिती अजून शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. फक्त आयकॉन्व्हचं विंडोज-१२५२ ती घ्यायला तयार नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एफटीएफवाय नावाची लायब्ररी आहे, ती ही सैल पद्धत ओळखते आणि पाचही घरं नीट उलटवते. दुहेरी एन्कोडिंगच्या फाइली मी आता तिच्याच हवाली करतो. एक्सएक्सडीत ‘सी२ ८डी’ दिसतंय का ते आधी पाहून घ्या. दिसलं तर जोडाक्षरं जिवंत आहेत.

आता ज्या फाइलींत काहीच बदललं नाही त्या. मला वाटतं, तुमचा मोठा गठ्ठा हाच असेल.

नव्वदच्या दशकात मुंबईत मराठी टाइप करणारा जवळजवळ प्रत्येक जण श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा कुठल्या तरी फाँटावर काम करायचा. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. फाइलीत रोमन अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह असलं काहीतरी साठवलेलं असायचं, आणि फाँट त्या जागी देवनागरी आकृती काढायचा. फाँट काढून घेतला की उरतो तो रोमन काला. यातल्या काही फाइलींत एकही बाइट ‘७एफ’च्या वर नसतो. त्यांना ‘फाइल’ कमांड आस्की म्हणते, आणि आस्कीचं यूटीएफ-८ केलं तर बाइट तेच राहतात, कारण यूटीएफ-८ मुळात तसंच बेतलेलं आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ते आखताना जुन्या आस्की फाइली जशाच्या तशा चालाव्यात ही अट पाळली होती. म्हणून तुमच्या भाच्याची कमांड चुकली नाही. तिला बदलण्यासारखं काही सापडलंच नाही.

हे समजायला छापखाना डोळ्यासमोर आणा. निर्णयसागर छापखान्याच्या काळापासून गिरगावच्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्याच्या खणांत अर्धा म वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, वेलांटी वेगळी. जुळारी डोळ्याला दिसतं त्या क्रमाने खिळे लावायचा. जुने फाँट हे त्या खणांचंच संगणकातलं रूप. ‘कि’ लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. ‘कार्य’मध्ये रफार ‘य’च्या नंतर. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने चालतं: आधी क, मग वेलांटी, आधी र आणि मोडलेला पाय, मग य. म्हणून फाँटाच्या मजकुराचं युनिकोड करताना नुसत्या जोड्यांचा तक्ता पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी ‘स’च्या आधी बसलेली असते आणि ‘थ’च्या पलीकडे न्यावी लागते, म्हणजे जोडाक्षर कुठे संपतं हे प्रोग्रॅमला कळायला हवं. ‘मूर्ती’त रफार दीर्घ वेलांटीच्याही नंतर असतो आणि त्याला ‘त’च्या आधी आणावं लागतं. आयकॉन्व्हला यातलं काही येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नको.

त्यासाठी फाँटागणिक वेगळे परिवर्तक लागतात. तुमच्या फाइली साध्या टेक्स्टच्या असल्याने फाँटाचं नाव आत नसणार. त्याच संगणकाचं फाँटांचं फोल्डर उघडून पाहा, किंवा त्या काळातली वाचनालयाची एखादी वर्डची फाइल. नाव कळलं की निम्मं काम झालं. एक युक्ती उपयोगी पडते: परिवर्तकाचा तक्ता बहुधा विंडोज-१२५२ची अक्षरं धरून लिहिलेला असतो, म्हणून ‘७एफ’च्या वरचे बाइट असलेली फाइल आधी आयकॉन्व्हने विंडोज-१२५२ वरून यूटीएफ-८ करून घ्यायची आणि मग परिवर्तकात टाकायची. वरची पाच मोकळी घरं इथेही आडवी येतात, तेवढ्या बाइटांचा हिशोब हाताने करावा लागतो. आणि कोणताही परिवर्तक शंभर टक्के बरोबर नसतो. रफार, ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ आणि आकडे एवढे डोळ्यांनी तपासाच.

एक शक्यता उरते. १९९९च्या आसपासच्या फाइलींत इस्की सापडू शकते, आयएस १३१९४:१९९१ हे भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचं मानक. ओळखण्याची माझी ढोबळ रीत अशी: मराठी शब्दातले सगळे बाइट ‘ए०’च्या वर असतील, त्यांच्यात रोमन अक्षरं मिसळलेली नसतील, आणि ‘ई८’ वारंवार येत असेल, तर ती इस्की; ‘ई८’ हे तिथलं पाय मोडण्याचं चिन्ह. इस्की निघाली तर आनंद माना, कारण ती उच्चाराच्या क्रमानेच चालते आणि युनिकोडचा देवनागरी पट्टा तिच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून आखलेला आहे. आयकॉन्व्हच्या यादीत ती शोधू नका. आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्रॅमांच्या संचातली यूकॉन्व्ह ही कमांड घ्या. उबुंटूवर ती आयसीयू-डेव्हटूल्स या पॅकेजात येते. डॅश एफला ‘इस्की-डेव्ह’ द्यायचं, स्पेलिंग आय, एस, सी, आय, आय, डॅश, डी, ई, व्ही. बाकी सगळं आयकॉन्व्हसारखं.

सगळ्या फाइली यूटीएफ-८ झाल्या तरी मराठीचं एक खास दुखणं राहतं, आणि ते एन्कोडिंग बदलून जात नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारांनी साठवलेला सापडतो. नव्या पद्धतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ (यू+०९३१), मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग ‘या’. जुन्या पद्धतीत साधा ‘र’, मोडलेला पाय, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी, बाइटांत ‘ई२ ८० ८डी’) आणि मग ‘या’. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना एकमेकांना ओळखत नाहीत. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एक करण्याची ठरलेली पद्धत, हेही यांना एक मानत नाही. गोऱ्हे आडनावाचे सभासद यादीत दोनदा आले असतील तर कारण हेच. मी सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडने जुना प्रकार सरसकट नव्यात बदलून टाकतो. पण हे अदृश्य चिन्ह ‘कचरा’ समजून नुसतं पुसणाऱ्यांपासून सांभाळा. ते गेलं की ‘र’चा रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर चढतो. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही असंच आहे. त्याला स्वतःची जागा युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फाइलींत तो ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेला असतो.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता: ३४० फाइलींवर ‘फाइल’ कमांड फिरवून निकाल एका यादीत घ्यायचा, त्यावरून पाच-सहा फोल्डर करायचे, प्रत्येक फोल्डरमधल्या दोन फाइली एक्सएक्सडीने पाहून निदान पक्कं करायचं, आणि मगच त्या फोल्डरपुरता लूप लावायचा, म्हणजे तीच कमांड एकेका फाइलीवर आपोआप फिरवायची. बदललेली फाइल उलट बदलून मूळ फाइलीशी सीएमपी कमांडने ताडून पाहायची. एकही बाइट वेगळा निघाला नाही तर झोप चांगली लागते. यूटीएफ-१६च्या फाइली मात्र सुरुवातीच्या खुणेमुळे दोन बाइटांनी वेगळ्या निघू शकतात, त्याने घाबरू नका.

सभासदांची यादी शेवटी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एक उलटी गोष्ट करावी लागेल. स्वल्पविरामांची फाइल (सीएसव्ही) डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल तिला यूटीएफ-८ मानेलच असं नाही, आणि तो तिरक्या रेघेचा ए परत येतो. फाइलीच्या तोंडाशी ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन बाइट असले की ते सरळ वाचतं. लिनक्सच्या प्रोग्रॅमांना हीच खूण त्रास देते, म्हणून ती फक्त एक्सेलसाठीच्या प्रतीला लावा, मूळ साठ्याला नको.

काहीच न बदललेल्या फाइलींपैकी एकीचे पहिले चौसष्ट बाइट एक्सएक्सडीतून काढून पाठवा, आणि त्या जुन्या संगणकातल्या फाँटांच्या फोल्डरमधली नावंही. फाँट कोणता ते बहुधा त्यावरून सांगता येईल. सभासदांचे पत्ते असलेली फाइल मात्र पाठवू नका; पुस्तकांच्या सूचीतलं पान चालेल.